गोळी-साचा

गोळी-साचा : वितळलेले शिसे किंवा शिशाची मिश्रधातू ओतून बंदूक, रायफल व पिस्तूल यांच्या गोळ्या तयार करण्याचे, दोन भागांत उघडणारे धातूचे साधन. साच्याच्या दोन्ही अर्ध्या ठोकळ्यांत गोळीच्या आकाराची अर्धी अर्धी पोकळी कोरलेली असते. ठोकळे मिटले म्हणजे पूर्ण पोकळी तयार होते. तीत धातू ओतून तो थिजला की ठोकळे उघडून गोळी बाहेर काढतात. नळीत सर्पिल खोबणी असलेल्या रायफलींसाठी जे साचे करतात, त्यांचे गोळीच्या तळानुसार दोन मुख्य प्रकार पडतात : सपाट तळाच्या गोळीचे साचे व तळाशी तांब्याची वाटी बसविण्यासाठी पायरी ठेवलेल्या गोळीचे साचे. दुसऱ्या प्रकारचा साचा पहिल्या प्रकारात बदलून घेण्याची पद्धत ओतीव गोळ्यांनी नेमबाजी करणाऱ्यांत रूढ आहे. तिच्यामागील कारणे व तत्त्वे यांचा विचार प्रस्तुत नोंदीत केला आहे.

गोळीचे भाग : ओतीव गोळीच्या पुढच्या निमुळत्या भागास नाक, मधल्या दंडगोलाकार भागास अंग व मागील पृष्ठास तळ म्हणतात. अंगावर एक वा अधिक आडव्या खाचा असून त्यांत वंगण भरतात. दोन खाचांमधील उंच कडी नळीच्या खोबणीत रुतून गोळीला फिरकी देतात. म्हणून त्यांना चालक कडी असे नाव आहे. तळाची कड तीक्ष्ण, अखंड व गोळीच्या अक्षाशी काटकोनात असणे हे चांगल्या गोळीचे पहिले लक्षण होय. नाकावर थोडा ओरखडा असला, तरी नेम फारसा बिघडत नाही. तळाची कड एका बाजूस मोडलेली असली, तर मात्र तो हमखास बिघडतो. फ्रँक्लिन मान या अमेरिकन संशोधकाने अनेक वर्षे प्रयोग करून १९०९ मध्ये आपले निष्कर्ष ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. त्यांतील हा एक महत्त्वाचा निष्कर्ष आहे. त्याचे कारण असे : गोळी नळीच्या तोंडातून सुटते त्या क्षणी तिच्यामागील वायू अद्याप मोठ्या दाबाखाली असतो. तळाची सर्व कड एकाच वेळी नळीबाहेर पडली, तर वायू चोहोबाजूंनी सारखा निसटतो. कडेचा एक भाग आधी मोकळा झाला, तर वायू त्या बाजूने आधी सुटून गोळीच्या शेपटास कडेला ढकलतो.

इतिहास : नळीचा आतील पृष्ठभाग गुळगुळीत असलेल्या जुन्या बंदुकांत शिशाची गोल गोळी वापरीत. ती नळीपेक्षा मुद्दामच लहान ठेवीत. कारण काही बार उडाल्यानंतर नळीत दारूची काजळी साचे व नेमकी बसणारी गोळी तोंडाकडून ठासणे अशक्य होई. अठराव्या शतकात ब्रिटिश पायदळाकडे असलेल्या बंदुकीच्या नळीचा व्यास सु. १९ मिमी., तर गोळीचा सु. १७·५ मिमी. होता. अशा एका गोळीचे वजन सु. ३१ ग्रॅ. भरे. नळीचा व्यास ‘बोअर’मध्ये सांगण्याची रीतही साच्यातूनच आली आहे. एक पौंड (४५३·६ ग्रॅ.) शिशाच्या बारा सारख्या गोल गोळ्या केल्यास प्रत्येकीचा व्यास सु. १८·५ मिमी. येतो, तेवढ्या व्यासाची नळी ती बारा बोअरची. शिकारी बंदुकांच्या बाबतीत ही संज्ञा अद्याप टिकून आहे. पाखरांच्या शिकारीचे बारीक छर्रे मात्र साच्यात ओतीत नाहीत. उंच मनोऱ्यावरून वितळलेले शिसे चाळणीतून खाली पाण्यात सोडून छर्रे करण्याच्या कृतीचे एकस्व ब्रिस्टल येथील विल्यम वॉट्स यांनी १७८२ मध्ये मिळविले.

जुने साचे सांडशीच्या आकाराचे, लोखंडाचे किंवा पितळेचे असत. मऊ दगडात कोरलेले, एका वेळी अनेक गोळ्या देणारे साचेही वापरात होते. बंदूक व तिचा साचा यांची जोडी असे; कारण हाताने घडविलेल्या दोन नळ्या क्वचितच सारख्या व्यासाच्या असत. साचा हरवला, तर बंदूक जवळजवळ निरुपयोगी ठरे.

नळीत सर्पिल खोबणी पाडल्यास गोळीला फिरकी मिळून तिचा नेम सुधारतो, हे फार पूर्वीपासून माहीत होते. अडचण होती ती गोळी भरण्याची. खोबणीत घट्ट बसेल अशी गोळी तोंडाकडून भरण्यास वेळ लागे, तर सैल गोळी फिरकी घेत नसे. कॅप्टन जॉन नॉर्टन या इंग्रज अधिकाऱ्याने दक्षिण भारतातील फुंकनळीच्या बाणाचा लवचिक बुंधा फुंकरीने नळीत फुगून बसतो हे पाहून मागून पोकळ अशी लांबट गोळी योजली, असे सांगितले जाते. फ्रान्समध्ये देल्व्हीन्य व त्यानंतर क्लोद एत्येन मिन्ये यांनी ही कल्पना पूर्णत्वास नेली. मिन्ये यांच्या १८४९ मधील गोळीच्या पोकळ तळात लोखंडाची लहान वाटी होती. बार उडताच वाटी पुढे घुसून गोळीची मागील कड फाकवी व ती खोबणीत रुते. जेम्स बर्टन यांनी अमेरिकेत हार्पर्स फेरी येथे वाटी काढून टाकली; केवळ वायूच्या दाबानेच कड फाकते, असे त्यांनी दाखवून दिले. हीच सुधारित गोळी अमेरिकन यादवी युद्धात (१८६१–६५) दोन्ही पक्षांनी वापरली.

या मालिकेतील १८५३ नमुन्याची एन्फील्ड रायफल भारताच्या इतिहासात विशेष प्रसिद्ध आहे. तिच्या नळीचा व्यास १४·६६ मिमी. व गोळीचे वजन सु. ३४ ग्रॅ. होते. गोळी व दारू एकाच कागदी वेष्टनात असून वेष्टनाच्या गोळीकडील टोकास चरबी व मेण यांचा लेप असे. काडतूस दाताने फाडावे लागे. ही चरबी गाईची व डुकराची आहे, अशी वार्ता जानेवारी १८५७ मध्ये दमदम येथील शिपायांत पसरली. शिपायांनी स्वतः तूप व मेण यांसारखे वंगण लावावे, अशी मुभा त्यानंतर देण्यात आली. परंतु गेलेला विश्वास परत आला नाही. त्याच वर्षी ३१ जुलै रोजी कोल्हापूर येथील मुंबई इलाख्याच्या २७ व्या देशी पलटणीत उठाव झाला. असंतोषाची कारणे अनेक होती. तथापि गोळीच्या वंगणासारखी तांत्रिक बाब त्याच्या केंद्रस्थानी येऊन पडली, ही गोष्ट लक्षणीय आहे.

मागून भरावयाच्या रायफली आल्यावर गोळी नळीपेक्षा किंचित मोठी ठेवणे शक्य झाले व पोकळ तळाची गरज कमी झाली. १८७१ मध्ये स्वीकृत झालेल्या मार्टिनी-हेन्‍री रायफलीची गोळी सु. ३१ ग्रॅ. वजनाची, बारा भाग शिसे व एक भाग कथिल यांची असून तिच्याभोवती कागद गुंडाळलेला असे. तिचा मुखवेग सेकंदाला सु. ४०० मी. होता.  १८८२ मध्ये स्वित्झर्लंडचे एडुआर्ट रूबिन यांनी तांब्याच्या कवचाची गोळी केली. १८८६ मध्ये फ्रान्सने निर्धूम दारूची लबेल रायफल स्वीकारली. ०·३०३ इंच (७·७ मिमी.) व्यासाच्या ब्रिटिश रायफलीत निर्धूम दारू आल्यावर गोळीचा वेग सेकंदाला ६०० मी.च्या घरात गेला. एवढ्या वेगाला उघडे शिसे खोबणीत टिकत नाही. त्यामुळे सैन्यातून ओतीव गोळी नाहीशी झाली. कवचाचे टोक उघडे ठेवल्याने शरीरात फुटणारी गोळी दमदम येथील शस्त्रागारात १८९० नंतरच्या दशकात तयार झाली. अशा गोळ्यांचा युद्धात वापर करू नये, असे १८९९ च्या हेग परिषदेच्या जाहीरनाम्याने ठरविले.

ओतीव गोळी त्यानंतर केवळ नेमबाजी व शिकार यांपुरती उरली. निर्धूम दारूच्या रायफलींतही ती चालावी म्हणून विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अमेरिकेतील साचे-उत्पादक जॉन बार्लो यांनी गोळीच्या तळावर बसणारी तांब्याची उथळ वाटी प्रचारात आणली. तिला वायुरोधक वाटी म्हणतात. ती बसविण्यासाठी गोळीच्या तळाशी अंगापेक्षा कमी व्यासाची पायरी ठेवावी लागते. साच्यातील पोकळीही अर्थातच तशीच कोरावी लागते.

सपाट तळ आणि वायुरोधक वाटी : बार उडाल्यावर नळीत दोन विरोधी क्रिया घडतात. वायूचा दाब गोळीला मागून चेपतो, त्यामुळे ती किंचित आखूड व जाड होऊन खोबणी भरून काढते. ही क्रिया इष्ट आहे. दुसरीकडे, गोळी व नळी यांमध्ये थोडी जरी फट राहिली, तरी तप्त वायू तीतून पुढे घुसतो, शिसे कापतो व त्याचे कण नळीस चिकटवितो. याला वायुकर्तन म्हणतात. नळीत शिशाचा थर जमला, की पुढील प्रत्येक गोळी खरवडली जाते व नेम ढळत जातो. वाटी कडक तांब्याची असल्याने ती मागील कड झाकते, फट बंद करते व मागील बाराचा थोडाफार थरही खरवडून नेते. वाटी असलेली गोळी त्यामुळे अधिक वेग सहन करते. सपाट तळाची गोळी सामान्यतः सेकंदाला सु. ४०० ते ४५० मी. वेगापर्यंत समाधानकारक चालते. मिश्रधातू, वंगण व नळीची स्थिती यांनुसार ही मर्यादा कमीअधिक होते.

वाटीसाठी केलेल्या गोळीवर वाटी न बसविता ती तशीच झाडल्यास काय होते, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो. अशा गोळीच्या मागील टोकाशी असलेली पायरी नळीच्या भिंतीला टेकत नाही. तिच्याभोवती वायू साठतो व शेवटच्या चालक कडीवर मागून आदळतो. ही कडी अरुंद असल्यामुळे तिची कड वितळते किंवा वाकते. शिवाय पायरीची कड लहान व नाजूक असल्याने ओततानाच ती अपुरी भरण्याचा संभव असतो. मंद वेगाला ही गोळी कधीकधी बरी चालते. पण तिच्यावर विसंबता येत नाही. यामुळेच वाटीचा साचा हाती आहे, वाट्या दुर्मिळ अथवा महाग आहेत आणि वेगही बेताचाच हवा आहे, अशा परिस्थितीत साच्यातील पायरी नाहीशी करून तो सपाट तळाचा करून घेतात.

साच्याची रचना : आधुनिक साच्याचे ठोकळे बिडाचे, पितळेचे किंवा ॲल्युमिनियमाचे असतात. बीड टिकाऊ असले, तरी गंजते. पितळ उष्णता चांगली धरून ठेवते, पण जड असते. ॲल्युमिनियम हलके असून लवकर तापते. मात्र त्याच्या कडा लवकर झिजतात. दोन ठोकळे एकमेकांवर नेमके बसावेत म्हणून एकात खुंट्या व दुसऱ्यात भोके असतात. ठोकळ्यांच्या आतील पृष्ठांवर बारीक रेघा ओढलेल्या असतात; धातू आत शिरताना हवा त्यांतून बाहेर पडते. या रेघा इतक्या बारीक असतात, की पृष्ठताणामुळे वितळलेला धातू त्यांत शिरत नाही. ठोकळ्यांच्या माथ्यावर एका स्क्रूभोवती फिरणारी पोलादी पट्टी असून तिच्यातील निमुळत्या भोकातून धातू ओततात. भोकावर उरलेला धातूचा ढीग थिजताना आकसणाऱ्या गोळीस धातू पुरवितो. धातू थिजल्यावर पट्टी फिरविली, की हा ढीग गोळीपासून कापला जातो. म्हणून या पट्टीला कापपट्टी म्हणतात.

बहुतेक साच्यांत गोळी उलटी, म्हणजे नाक खाली व तळ वर अशी असते. गोळीचा तळ हा त्यामुळे कापपट्टीच्या खालच्या पृष्ठावर घडतो. पट्टी सपाट नसेल अथवा सैल असेल, तर तळाला झालर येते. ती फार घट्ट असेल, तर कोपऱ्यातील हवा बाहेर न पडल्याने कड गोलसर होते. मूळ पोकळी कोरण्यासाठी गोळीच्याच आकाराचे धारदार कर्तक फिरवीत ठेवून त्यावर दोन्ही ठोकळे हळूहळू मिटवीत आणतात. या कर्तकाला कारागीर ‘चेरी’ म्हणतात.

साच्यातील फेरफार : तळ वरच्या बाजूस असल्याने वाटीची पायरीही कापपट्टीला लागूनच असते. पट्टी काढली, की पायरीचा भाग उघडा पडतो व वरून हत्यार घालून तो कापता येतो. साच्यात बदल करणे यांत्रिक दृष्ट्या शक्य होते, ते याच कारणामुळे. त्याच्या दोन पद्धती आहेत.

पहिल्या पद्धतीत पायरीचा व्यास शेवटच्या चालक कडीच्या व्यासाइतका वाढवितात. मिटलेले ठोकळे एकत्र आवळून लेथवर धरतात. पोकळीचा अक्ष व लेथच्या फिरण्याचा अक्ष एकच आहे, याची दर्शक घड्याळाच्या साहाय्याने खात्री करून घेतात व नंतर अतिशय बारीक काप घेत धातू काढतात. ०·३० इंच (७·६२ मिमी.) वर्गाच्या गोळीत पायरीचा व्यास सु. ७·२५ मिमी., अंगाचा सु. ७·८५ मिमी. व पायरीची उंची सु. २·५ मिमी. असते. म्हणजे साच्यातून काढावयाचा थर प्रत्येक बाजूस ०·३ मिमी. इतकाच असतो व गोळीचे वजन त्यामुळे सु. ०·२ ग्रॅ. वाढते. दुसऱ्या पद्धतीत पायरी मुळी ठेवतच नाहीत. ठोकळ्यांचा माथा पायरीच्या उंचीइतका सपाट कापून टाकतात व कापपट्टी नव्या पृष्ठावर बसवितात. यात गोळी सु. २·५ मिमी. आखूड व सु. १·१ ग्रॅ. हलकी होते. पट्टीच्या स्क्रूची भोके पुन्हा खोल करावी लागतात आणि नवा माथा पोकळीच्या अक्षाशी अचूक काटकोनात आणावा लागतो.

दोन्ही पद्धतींत यशापयश ठरविणारी गोष्ट एकच : तळाचा अंगाशी असलेला समकेंद्री व काटकोनी संबंध. तो साधला नाही, तर मूळचा चांगला साचा कायमचा वाया जातो. कारण कापलेला धातू परत येत नाही. चुकीचे परिणाम किती होतात, याची कल्पना फिरकीच्या वेगावरून येते. मार्टिनी-हेन्‍री रायफलीच्या खोबणी ५६ सेंमी. लांबीत एक वेढा पूर्ण करतात. सेकंदाला ४०० मी. वेगाने जाणारी तिची गोळी सेकंदाला सातशेहून अधिक फेरे घेते. ०·३०३ इंची रायफलीत हा वेढा २५·४ सेंमी.चा असल्याने सेकंदाला ६०० मी. वेगास फेऱ्यांची संख्या दोन हजारांवर जाते. तळ अक्षापासून केसभर सरकलेला असला, तरी एवढ्या फिरकीत गोळीचा गुरुत्वमध्य फिरण्याच्या अक्षापासून ढळतो. नळी सोडताच ती आपल्या मार्गापासून तिरकस फेकली जाते.

अन्य दोषही संभवतात. पोकळीचा व्यास कडीपेक्षा किंचित लहान राहिला, तर पायरीचा अवशेष उरतो. मोठा झाला, तर तळाशी कंगोरा येतो. काप घेताना कडेवर उठलेली धार काढून टाकावी लागते. पण ती काढताना कड गोल करून चालत नाही. नवीन पृष्ठावर हवा बाहेर जाण्याच्या रेघा अपुऱ्या राहिल्यास तळाची कड भरत नाही. यासाठी बदल केलेल्या साच्यातील पहिल्या गोळ्या मोजून, तोलून व भिंगातून पाहूनच साचा स्वीकारतात.

मिश्रधातू : शुद्ध शिसे ३२७·५° से. ला वितळते. त्याची घनता ११·३४ ग्रॅ./घ.सेंमी. असून ब्रिनेल कठिनता अवघी ४ ते ५ आहे. कथिल (वितळबिंदू २३२° से.) मिसळल्याने धातूचा पृष्ठताण कमी होतो व साच्याचे कोपरे भरतात. अँटिमनीमुळे (वितळबिंदू ६३०·६° से.) कठिनता वाढते व थिजताना होणारे आकुंचन घटते. वीस भाग शिसे व एक भाग कथिल या मिश्रधातूची कठिनता सु. १० असते, ९० टक्के शिसे, ५ टक्के कथिल व ५ टक्के अँटिमनी असलेल्या मिश्रधातूची सु. १५, तर पूर्वी ओळी ओतणाऱ्या मुद्रणयंत्रात वापरीत असलेल्या, ८४ टक्के शिसे, १२ टक्के अँटिमनी व ४ टक्के कथिल यांच्या मिश्रधातूची सु. २२ असते. मुंबईतील निर्णयसागरसारख्या छापखान्यांनी देवनागरी खिळे पाडले तेही शिसे, अँटिमनी व कथिल यांच्याच मिश्रधातूतून. खिळ्याची कड व गोळीची कड या दोहोंनाही साच्याचा कोपरा अचूक भरणारा धातू लागतो, हे या साम्याचे कारण होय.

सपाट तळाच्या गोळीसाठी अतिकठीण मिश्रधातू लाभदायक ठरत नाही. मंद वेगाच्या भारात दाब कमी असतो. गोळी फार कठीण असेल, तर ती चेपून खोबणी भरत नाही व वायू निसटतो. ती फार मऊ असेल, तर खोबणीतून घसरते. वाटीच्या साच्याचे रूपांतर केल्यावर त्याच मिश्रधातूने पूर्वीसारखे परिणाम मिळतील, असे म्हणूनच गृहीत धरता येत नाही.

ओतकाम व वंगण : धातूचे तापमान सामान्यतः ३७० ते ४३० से. यांच्या दरम्यान राखतात. साचा थंड असेल, तर गोळीवर सुरकुत्या पडतात. फार तापला, तर तिचा पृष्ठभाग दह्यासारखा पांढुरका व भरड दिसतो. धातूवरील मळी काढल्याशिवाय ओतल्यास ती गोळीत अडकून वजनात फरक पडतो. तळाशी पोकळी असलेली, कड अपुरी भरलेली किंवा झालर आलेली गोळी पुन्हा कढईत टाकतात. ओतीव गोळीचा व्यास खोबणीच्या तळाच्या व्यासापेक्षा शतांश मिलिमीटरांत मोजावा इतकाच अधिक ठेवतात. अंगावरील खाचांत मधमाश्यांचे मेण व चरबी किंवा तेल यांचे मिश्रण भरतात. वंगण केवळ घर्षण कमी करीत नाही, तर बारीक फटी बुजवून वायूलाही अडविते.

महाराष्ट्रातील संदर्भ : धातूच्या ओतकामाची मोठी परंपरा अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यास आहे. निजामशाहीच्या काळात १५४९ मध्ये अहमदनगर येथे ओतलेली मुलुख मैदान ही प्रचंड तोफ आज विजापूरच्या तटावर आहे. याच जिल्ह्यातील खर्डा येथे ११ मार्च १७९५ रोजी मराठे व निजाम यांच्यात लढाई झाली. दोन्ही बाजूंना यूरोपीय सेनानींनी शिकविलेल्या, चकमकीच्या बंदुका बाळगणाऱ्या पलटणी होत्या : शिंद्यांच्या पलटणी पेराँच्या, तर निजामाच्या रेमाँच्या हाताखाली लढल्या. ऑगस्ट १८०३ मध्ये आर्थर वेलस्ली यांनी अहमदनगरचा किल्ला घेतला. या सर्व लढायांतील पायदळाचे मुख्य शस्त्र म्हणजे साच्यात ओतलेली शिशाची गोल गोळीच होय. शिसे हा ईस्ट इंडिया कंपनीच्या आयात मालातील एक नेहमीचा जिन्नस होता व देशी सत्तांना त्यासाठी बव्हंशी यूरोपीय व्यापाऱ्यांवर अवलंबून राहावे लागे. दारू जपून ठेवण्यास स्वतंत्र कोठार लागे; गडावरील दारूखाना वस्तीपासून दूर असावा, असा दंडक रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आहे. गोळी मात्र चूल, पळी व साचा एवढ्यावर छावणीतही ओतता येई.

जुन्या रणभूमीवर सापडणारी शिशाची गोळी हे इतिहासाचे एक साधन आहे. साच्याच्या सांध्याची रेघ, ओतलेला ढीग कापल्याची खूण, व्यास व वजन यांवरून ती कोणत्या जातीच्या बंदुकीची हे ठरविता येते. खोबणीचे ठसे व चेपलेला तळ यांवरून ती झाडली गेली की हातातून पडली, हे कळते. अमेरिकेतील लिट्ल बिगहॉर्न (१८७६) या रणभूमीचे १९८४ पासून अशा रीतीने संशोधन झाले व लढाईतील हालचालींविषयीच्या रूढ कल्पना त्यामुळे तपासून पाहाव्या लागल्या. शेतात नांगराला लागलेली गोळी भंगारात वितळविली, की हा पुरावा कायमचा नष्ट होतो.

पुण्याजवळ खडकी येथे १८६९ मध्ये दारूगोळ्याचा कारखाना सुरू झाला. जळगाव जिल्ह्यातील वरणगाव येथेही लहान शस्त्रांच्या काडतुसांचा सरकारी कारखाना आहे. २०२१ मध्ये शासकीय आयुधनिर्माणींची पुनर्रचना झाल्यावर हे दोन्ही कारखाने म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या कंपनीकडे आले. तेथील सैनिकी गोळ्या कवचाच्या असतात. वायुरोधक वाटी नसलेल्या शिशाच्या गोळीचे सर्वांत परिचित आधुनिक उदाहरण आहे ते ५·६ मिमी. व्यासाच्या नेमबाजी-काडतुसात. सु. २·६ ग्रॅ. वजनाची ही गोळी ओतण्याऐवजी दाबून घडवितात. तिचा वेग ध्वनीच्या वेगाच्या आसपास वा त्याहून कमी ठेवतात. ५० मी. अंतरावरील १०·४ मिमी. व्यासाचे दहा गुणांचे वर्तुळ तिने भेदावयाचे असते. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्यूनिक येथे जागतिक अजिंक्यपद व कोल्हापूर जिल्ह्यातीलच स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविले, ते ५० मी. रायफलीच्या अशाच प्रकारांत. मंद वेगाची, उघड्या शिशाची गोळी योग्य रीतीने घडविली असता किती अचूक असते, याचे हे प्रमाण होय.

कायदा : भारतात १८७८ च्या शस्त्र कायद्याने सामान्य जनतेच्या शस्त्र बाळगण्यावर कडक निर्बंध आले. त्याची जागा १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने घेतली. या अधिनियमातील दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याच्या सुट्या भागांचा व शस्त्रांच्या व्याख्येत ती बनविण्याच्या यंत्रसामग्रीचा समावेश आहे. परवान्यावाचून शस्त्रे वा दारूगोळा तयार करणे हा गंभीर गुन्हा असून २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यास किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा सांगितली आहे. बंदुकीचा परवाना म्हणजे गोळ्या तयार करण्याचा परवाना नव्हे. त्यामुळे अमेरिकेत घरगुती छंद म्हणून चालणारे हे काम भारतात परवानाधारक कारखान्यांतच होऊ शकते. वस्तुसंग्रहालयांत अथवा जुन्या घराण्यांत असलेल्या साच्यांचे महत्त्व ऐतिहासिक आहे.

आरोग्य व पर्यावरण : शिसे हे संचयी विष आहे. त्याची सुरक्षित अशी कोणतीही मात्रा ज्ञात नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मत आहे. बालकांच्या मेंदूच्या वाढीवर त्याचा विशेष परिणाम होतो. ओतकामात वाफेपेक्षाही मळीची धूळ अधिक घातक ठरते. ती हातांवाटे व कपड्यांवाटे घरात जाते. वितळलेल्या शिशाच्या पृष्ठाखाली पाण्याचा थेंब सापडला, तर त्याची एकदम वाफ होऊन धातू स्फोटासारखा उसळतो.

शिशाचा धोका गोळी झाडल्यावरही संपत नाही. जखमी होऊन निसटलेल्या किंवा टाकून दिलेल्या शिकारीचे मांस गिधाडे व इतर पक्षी खातात, तेव्हा गोळीचे बारीक कण त्यांच्या पोटात जातात. अमेरिकेतील काँडॉर पक्षी विषबाधेने मरू लागल्यामुळे कॅलिफोर्निया राज्याने २०१३ मध्ये कायदा करून १ जुलै २०१९ पासून शिकारीसाठी शिशाच्या गोळ्यांवर पूर्ण बंदी घातली. तांब्याच्या भरीव गोळ्या हा त्यावरील एक पर्याय आहे.

महाराष्ट्रात हा प्रश्न वेगळ्या रीतीने सुटला आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात, ज्यात मिरजगाव हे बाजाराचे गाव आहे, माळराने व विरळ झुडपे यांचा प्रदेश पसरलेला आहे. काळवीट व माळढोक यांसारखे उघड्या रानातील प्राणी बंदुकीच्या टप्प्यात सहज येतात. त्यांची संख्या घटण्याच्या कारणांत अधिवासाच्या नाशाबरोबरच शिकारीचाही मोठा वाटा होता. १९७२ च्या वन्य जीव (संरक्षण) अधिनियमाने त्यांच्या शिकारीस बंदी झाली. १९७९ मध्ये माळढोक अभयारण्य स्थापन झाले व १९८० मध्ये कर्जत तालुक्यातच रेहेकुरी येथे काळविटांसाठी अभयारण्य घोषित झाले. माळढोक या भागातून जवळजवळ नाहीसा झाला. काळवीट मात्र रेहेकुरीच्या माळावर टिकून आहेत. ओतीव गोळीचा साचा हे अचूकपणाचे साधन आहे. ती अचूकता लक्ष्यफलकावर वापरावयाची की जिवावर, याचा निर्णय साचा करीत नाही. तो समाजाने आपल्या कायद्याने व विवेकाने करावयाचा असतो.